मागची सीट

१९८४ साली, लग्नाला तीन महिने झाले असताना, आम्ही उभयता येझदीवरून पुण्याहून गोव्याला गेलो होतो. दोन सायलेन्सर, पेट्रोलमध्ये मापाने ऑइल, आणि किक मारून झाली की तीच दांडी वळवून गिअर म्हणून वापरायची. "एवढ्याशा दांडीला दोन कामं जमतात, तुम्हालाच जमत नाहीत," हे वाक्य हिने त्या प्रवासातच शोधून काढलं. पाठ दुखल्याचं मात्र आठवत नाही. आपल्याला पाठ आहे हेच तेव्हा ठाऊक नव्हतं.

गेल्या दिवाळीत ही म्हणाली, "पुन्हा एकदा जाऊ या की गाडीवरून!" मी हो म्हणून बसलो आणि शोरूमच्या पायऱ्या झिजवू लागलो.

पहिली स्पोर्ट्स बाइक. "काका, बसून तर बघा!" बसलो कसला, साष्टांग नमस्कारात गेलो. हँडल खाली, पावलं मागे, सगळा भार मनगटांवर. मला उठवायला दोघं लागले.

दुसरी क्रूझर. पाय पुढे पसरून आरामखुर्चीत बसल्यासारखं. हीच घ्यावी म्हटलं, तर आमच्या सोसायटीतले निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "अहो, ताठ बसलात की धडाचा भार माकडहाडावर. प्रत्येक खड्डा थेट तिथं जमा! आणि वारा छातीवर. शिडाचं गलबत व्हाल."

तिसरी म्हणे स्पोर्ट टूरर. कंबरेतून किंचित पुढे, वाऱ्याला काच, भार थोडा मनगटांवर, थोडा मांड्यांवर, उरलेला बुडावर. निंजा ११००एसएक्सवर बसलो आणि पटलं. पण वजन सव्वादोनशे किलोच्या वर! आडवी झाली तर उचलायला गणेश मंडळ बोलवावं लागेल. व्हर्सिस ६५० ची सीट ८४५ मिलिमीटर उंच; जमिनीला नुसते चवडे टेकले. हिमालयन ४५० ची सीट खाली घेता येते, म्हणून तिच्यावर खूण केली.

मग हिला घेऊन गेलो. ही प्रत्येक गाडीच्या मागे बसली. "हा पोळपाट कोणासाठी? आणि पाय एवढे दुमडायचे?" सहा आठवड्यांत मागची सीट मी एकदाही पाहिली नव्हती. हिमालयनवर मात्र ती बराच वेळ बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "हिच्यावर जमेल. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळालीय हो. त्याआधी जायचं होतं, म्हणून म्हटलं."

मी काही बोललो नाही. गोवा परवडणारा नव्हता, गाडी तर नव्हतीच. दोन दिवसांसाठी भाड्याने घेतली आणि साताऱ्याला निघालो. दर अर्ध्या तासाने चहा. तिसऱ्या चहाला कळलं, सीट कितीही चांगली असली तरी खरा आराम उतरण्यातच आहे.

खंबाटकी घाटात हिने माझा खांदा घट्ट धरला. अगदी चौऱ्याऐंशीसारखा. मी विचारलं, "भीती वाटतेय?"

"छे! तुम्ही पडू नये म्हणून धरलंय."