कुस्तीशौकिनाच्या पदरी काय पडते?

सातारा

तीर्थरूप नाना,

कुंडलच्या मैदानात दिवसभर उन्हात बसून दुसऱ्यांच्या कुस्त्या पाहणाऱ्याच्या पदरी काय पडते, हा आपल्या पत्रातील प्रश्न सातारा-सांगलीच्या प्रत्येक कुस्तीशौकिनाला लागू आहे. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे उचित ठरेल.

समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी चाफळ, मसूर, उंब्रज, बहे, शिराळा यांसह नऊ मारुती याच दोन जिल्ह्यांत आहेत आणि बलोपासनेचे ते दैवत आजही तालमीतालमीत पुजले जाते. यात्रेचे मैदान ग्रामदैवताच्या नावाने भरते, त्यासाठी गावातून वर्गणी निघते, पोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांपासून मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत जोडी चढत जाते. त्यामुळे प्रेक्षक तेथे तिकीट काढून आलेला गिऱ्हाईक नसतो, देवाच्या कार्यातला यजमान असतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी 1912 मध्ये धर्माच्या मुळाशी सामूहिक उचंबळ, म्हणजे एकत्र जमलेल्यांना स्वतःहून मोठ्या शक्तीचा येणारा प्रत्यय, असल्याचे मांडले. हलगी कडाडत असताना कुस्ती निकाली होते, म्हणजे एकाची पाठ मातीला लागते, तेव्हा अनोळखी माणसे एकमेकांच्या खांद्यावर थाप मारतात, ती याच प्रत्ययाची खूण होय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वॉन यांच्या मांडणीनुसार स्थानिक संघाशी तादात्म्य, म्हणजे त्याचे यशापयश आपले मानण्याची वृत्ती, भोवतालच्या माणसांशी नाती जोडून देते आणि मनःस्वास्थ्याला लाभ होतो तो या नात्यांमुळे.

हेच तादात्म्य एका निकालावर टांगले गेले, तर मात्र ते जिवावर बेतू शकते; 2006 च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना दुपटीहून अधिक झाल्याचे आढळले. यात्रेत एकामागून एक जोड्या लागतात आणि चांगला डाव टाकणाऱ्या परगावच्या पोरालाही शौकीन खिशातून बक्षीस देतो, त्यामुळे मनाचा सगळा भार एकाच निकालावर पडत नाही.

असेच खिशातून देऊन गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांना हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी लोकांनी वर्गणी जमवली होती. 1952 मध्ये त्यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्यपदक, आणले, तेव्हा पैसा-अडका देणाऱ्यांना त्या यशावर हक्क सांगता आला, कारण जोखमीतही त्यांचा वाटा होता. पाहण्याला देण्याची जोड मिळाली की शौकाची उपासना होते, असे यावरून म्हणता येते. म्हणून मैदानातील बैठकीइतकेच तालमीतल्या पोरांच्या खुराकाला दिलेले दूधही आपल्या पुण्यात जमा धरावे.