रिपोर्टातला आकडा

आमच्या बेळगावच्या घरी कोणी आले की सासूबाईंचा पहिला प्रश्न, "ऊटा आतेन्री?" माझे आजोळ सावरगाव, जाम नदीच्या काठावर, पांढुर्ण्याच्या समोर. तिथेही आल्या-गेल्याला "जेवले का?" हेच विचारतात. पण एका वर्षी हा प्रश्न मामांना विचारायची आम्हाला भीती वाटू लागली.

आधी भाकरी अडकायची, मग भात, शेवटी वरणाचे पाणीही उतरेना. पित्त असेल म्हणत तीन महिने गेले. नागपूरला दुर्बिणीने तपासून तुकडा काढला. अन्ननलिकेचा कर्करोग निघाला.

रिपोर्टात पी-५३, की-६७, पीडी-एल१ अशी नावे. मामेभाऊ रात्रभर मोबाइलवर शोधत बसला. पहाटे म्हणाला, "ताई, की-६७ जास्त आहे. आता काही खरं नाही." मामांना काही सांगायचे नाही, असे आम्ही परस्पर ठरवले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी समजावले. तुकड्याच्या पातळ कापावर रंग चढवतात आणि कोणते प्रथिन किती पेशींत आहे ते पाहतात. की-६७ वरून किती पेशी वाढीला लागल्या ते कळते. पी-५३ मधला बिघाड या प्रकारच्या रोगात बहुतेकांत असतो, मग तो एकाचे भविष्य काय सांगणार? पीडी-एल१ जास्त असेल तर प्रतिकारशक्ती जागवणारे औषध लागू पडण्याची शक्यता वाढते; त्याचा उपयोग औषध ठरवायला. पुढचा अंदाज मुख्यतः रोग किती खोल गेला, गाठींत पोचला का, दूर पसरला का, यावरून बांधतात. "हा आकडा म्हणजे कुंडली नव्हे," त्या म्हणाल्या.

मागे बसलेले मामा एकदम बोलले, "अन् मले कोन सांगनार? कागद माह्या नावाचा हाय ना?"

आम्ही मान खाली घातली. मग त्यांना सगळे सांगितले.

शेक आणि औषधांनी घास पुन्हा उतरू लागला. पहिल्यांदा दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली, त्या दिवशी मामी देवघरात जाऊन रडली. त्यानंतर मामांनी दोन पोळे पाहिले. संत्र्याच्या बागेची वाटणी स्वतः केली, देणी-घेणी लिहून ठेवली, आणि मग गेले. आम्ही लपवले असते तर यातले काय झाले असते?

घास अडकतो असे घरात कोणी म्हणाले तर पित्तावर ढकलू नका, लवकर दुर्बिणीची तपासणी करून घ्या. "ऊटा आतेन्री?" आपण सारेच विचारतो. उत्तर मात्र नीट ऐकायला हवे.