गिरनारच्या छायेतील सक्करबाग

आपल्या घरांत जुनागढ म्हटले की गिरनारच आठवतो. तळेटीच्या धर्मशाळेत मुक्काम, पहाटेच्या काळोखात चढाईला आरंभ, पहिल्या टुंकेवर बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथांचे दर्शन-पूजन, आणि दुपार कलल्यावर दुखऱ्या पायांनी उतरणे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये रज्जुमार्ग सुरू झाल्यापासून, ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांची यात्राही सुलभ झाली. पाळणा अंबाजीपर्यंत नेतो आणि तेथून थोडे उतरले की जैन मंदिरांचा समूह लागतो. त्यामुळे पूर्वी पूर्ण दिवस घेणारी यात्रा आता अनेकांची मध्यान्हीपर्यंत आटोपते. उरलेला अर्धा दिवस बहुतेक मंडळी सोमनाथ वा पालिताण्याच्या वाटेला लावतात. तो जुनागढमध्येच कसा लावता येईल, हे सांगण्यासाठी हा लेख.

शहरातून गिरनारकडे जाणाऱ्या रस्त्यावरच सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. एका इमारतीच्या छायेत सांभाळलेला हा प्रचंड खडक इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील आहे. त्यावर ब्राह्मी लिपीत चौदा राजाज्ञा कोरलेल्या आहेत. याच खडकावर पुढे रुद्रदामन आणि स्कंदगुप्त यांच्या काळचेही लेख कोरले गेले. अशोकाच्या पहिल्याच आज्ञेचा आशय असा की, राजाच्या स्वयंपाकगृहासाठी पूर्वी रोज असंख्य प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरिण एवढेच मारले जातात आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. दुसऱ्या आज्ञेत माणसांबरोबर पशूंच्याही औषधोपचाराची व्यवस्था सांगितली आहे. एका बलाढ्य सम्राटाने आपल्या भोजनगृहाचा असा हिशेब उघड्यावर मांडावा, हे वाचून मन थबकते.

याच रस्त्याने पुढे ज्यांच्या चरणी आपण जातो, त्या नेमिकुमारांची कथा तर आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक असते. राजुलशी विवाहासाठी निघालेल्या वरातीच्या वाटेवर, पाहुण्यांच्या भोजनासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश कुमारांच्या कानी पडला. त्यांनी रथ वळवला आणि गिरनारची वाट धरली. कोंडलेल्या जीवाच्या हाकेतून ज्या पर्वताला तीर्थत्व लाभले, त्याच्या सावलीत प्राणिसंग्रहालय असावे, हा योग विचारात पाडणारा आहे.

हे संग्रहालय म्हणजे सक्करबाग. शहराच्या राजकोटकडील बाजूस ते आहे. जुनागढच्या नवाबांनी १८६३ साली त्याची स्थापना केली. देशातील जुन्या प्राणिसंग्रहालयांत त्याची गणना होते. बुधवारी ते बंद असते, तेव्हा बेत आखताना चौकशी करून घ्यावी. दाट झाडीची ही विस्तीर्ण जागा निवांत फिरण्यासारखी आहे. येथील खरे मानकरी अर्थातच सिंह. भगवान महावीरांचे लांछन असलेला हा प्राणी आशिया खंडात मुक्त वन्य स्थितीत आज केवळ सौराष्ट्रात उरला आहे.

आम्ही सिंहाच्या आवाराजवळ उभे असताना बरोबरच्या नातीने विचारले, “आजोबा, नेमिनाथांनी कोंडलेले प्राणी सोडवले होते ना? मग यांना कोणी का सोडवत नाही?” हा प्रश्न बालबुद्धीचा म्हणून सोडून देता येणार नाही. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत जीवाला बांधून वा कोंडून ठेवणे हा आरंभीच येतो. टीकाकारांनी त्यात निर्दय बंध आणि गरजेपुरता सदय बंध असा भेद केला आहे. आपल्या पांजरापोळीलाही कुंपण असतेच; पण ते त्या जीवाच्या रक्षणासाठी असते. प्राणिसंग्रहालयाचे कुंपण कोणासाठी आहे, हे तपासल्याशिवाय उत्तर देता येत नाही. केवळ माणसाच्या करमणुकीसाठी असेल, तर नातीचेच म्हणणे खरे.

सक्करबागेचे मुख्य काम तिकीटखिडकीवरून दिसत नाही. आशियाई सिंहांच्या बंदिस्त प्रजननाचे हे देशातील प्रमुख केंद्र आहे. या कामाचा कणा म्हणजे वंशनोंदवही. कोणता छावा कोणत्या नर-मादीचा, तो कोठे गेला, त्याची जोडी कोणाशी लावायची आणि कोणाशी लावायची नाही, याची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला ही वही लगेच ओळखीची वाटते. खतावणीत एक नोंद चुकली की पुढचा सारा ताळेबंद चुकतो; येथेही तसेच आहे.

ती चूक जगाने महागात अनुभवली आहे. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांनी आशियाई सिंहांची पैदास मोठ्या उमेदीने चालवली होती. १९८० च्या दशकात जनुकीय तपासणी झाली, तेव्हा ज्या पाच मूळ सिंहांपासून तो वंश वाढला होता त्यांपैकी दोन आफ्रिकी निघाले. सारा कार्यक्रम कोलमडला. आपल्याकडेही चंदीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात सर्कशीतील आफ्रिकी सिंहांशी संकर झाल्याचे आढळले आणि तेथील सिंहांचे प्रजनन थांबवावे लागले. त्या संकरित सिंहांना मारून मात्र टाकले नाही. नैसर्गिक मृत्यूपर्यंत त्यांचा सांभाळ झाला. ही आपल्याला परिचित अशी पांजरापोळीचीच रीत होय. पुढे १९९० च्या दशकात युरोपातील प्राणिसंग्रहालयांनी नव्याने आरंभ केला, तेव्हा शुद्ध वंशाचे सिंह सक्करबागेतून गेले.

पण जंगलात सिंह वाढत असताना पिंजऱ्यात ते हवेत कशाला? १९६८ च्या गणनेत १७७ असलेले सिंह २०२५ च्या गणनेत ८९१ झाले, ही आनंदाची गोष्ट खरीच. तथापि ते सारे एकाच प्रदेशात आहेत. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या पूर्व भागात काही आठवड्यांत २३ सिंह दगावले. कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या एका घातक विषाणूचा प्रादुर्भाव त्या वेळी उघडकीस आला आणि अमेरिकेतून लस आणवून उरलेल्यांना टोचावी लागली. सारी ठेव एकाच पेढीत ठेवू नये, हे व्यापारी घरांना सांगण्याची गरज नाही. सक्करबागेतील आणि तेथून इतरत्र गेलेले सिंह म्हणजे संकटकाळासाठी वेगळी काढून ठेवलेली गंगाजळी आहे.

येथील दुसरे काम गिधाडांचे आहे आणि त्याचा संबंध थेट आपल्या जीवदयेशी पोहोचतो. १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर शंभरांत एकही उरली नाहीत. कारण २००४ मध्ये स्पष्ट झाले. गुरांच्या वेदना कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या शरीरात उरते आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणजे आजारी गाईवर केलेली दया तिच्या मृत्यूनंतर दुसऱ्या जीवाच्या प्राणावर बेतत होती, आणि देणाऱ्याला त्याची कल्पनाही नव्हती. २००६ साली पशूंसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅक यांवरही आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध उपलब्ध आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे गेलेली संख्या सहज भरून येत नाही. म्हणून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणात पिंजोर येथे प्रजननकेंद्र उभारले आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या साहाय्याने जुनागढसह काही प्राणिसंग्रहालयांतही ते काम सुरू झाले. आपल्यापैकी जे पांजरापोळ वा गोशाळेच्या विश्वस्त मंडळावर आहेत, त्यांनी औषधांच्या कपाटावर एकदा नजर टाकावी. या कामाला त्याहून थेट साहाय्य दुसरे नाही.

सक्करबागेचे सारेच प्रयोग सफल झाले असे नाही. २००९ मध्ये सिंहांच्या बदल्यात सिंगापूरहून आफ्रिकी चित्ते आणले गेले. काही वर्षांतच ते एकेक करून गेले. बंदिवासाची किंमत जीवच मोजतो. म्हणूनच प्रत्येक पिंजऱ्याचा जाब विचारला गेला पाहिजे.

जाब विचारणारा प्रेक्षक मात्र आधी स्वतः जबाबदार हवा. हरणांना बिस्किटे आणि माकडांना केळी देणारे हात पुष्कळदा आपल्याच लोकांचे असतात. हेतू चांगला असतो, पण त्या अन्नाने प्राणी आजारी पडतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना खाऊ घालणे, डिवचणे, आवाज करून त्रास देणे, तेथे कचरा टाकणे, हे सारे निषिद्ध आहे. मौनाने पाहणे ही येथली पहिली सेवा.

दानाचा प्रश्न याहून अवघड आहे. सिंहाचा आहार मांस आहे. त्याच्या पालनासाठी पैसा द्यावा का, यावर आपल्या घरांत एकमत होणार नाही आणि कोणावर मत लादूही नये. ज्यांचे मन घेत नाही त्यांच्यासाठी अन्य वाटा मोकळ्या आहेत. देशातील अनेक प्राणिसंग्रहालयांत प्राणी दत्तक घेण्याची योजना असते. म्हैसूरमध्ये ती २००१ पासून चालू आहे. हत्ती, हरीण, कासव वा पक्षी यांच्या चाऱ्याचा भार वर्षभरासाठी उचलता येतो. मुलांच्या वाढदिवसाच्या खर्चातून असे एखादे दान झाले तर त्याची आठवणही राहते. गीरच्या शेतांतील उघड्या विहिरींत पडून सिंह मरतात. अशा विहिरींना कठडे बांधणे हे तर निखळ अभयदान आहे.

नातीला मी तेव्हा एवढेच सांगितले, की येथे जन्मलेल्या सिंहाला दार उघडून दिले तर तो शिकार करू शकणार नाही आणि माणसाला भिणारही नाही; त्याची सुटका म्हणजे त्याचा मृत्यू. त्याच्या वंशाची सुटका मात्र जंगल राखण्यात आहे. गिरनारचे जंगल २००८ पासून अभयारण्य आहे, तेथे सिंह मोकळे फिरतात, आणि त्याच जंगलातून आपली पायऱ्यांची वाट जाते. त्या वाटेवर टाकलेली प्लॅस्टिकची बाटली त्या मोकळ्या सिंहाच्याही घरात पडत असते.

पुढच्या यात्रेत अर्धा दिवस राखून ठेवावा. सकाळी नेमिनाथांचे दर्शन घ्यावे, उतरल्यावर अशोकाचा खडक पाहावा आणि मग मुलांना सक्करबागेत न्यावे. त्यांनी प्रश्न विचारला तर घाईने उत्तर देऊ नये; त्यांच्याबरोबर थोडा वेळ तेथेच उभे राहावे.

जय जिनेंद्र.