बोटाची विद्या

नाशिकचे नाव काढले की परगावच्या माणसाला रामकुंड, द्राक्षे आणि बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ आठवतो. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळ येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या मान्यतेने निरनिराळ्या रुग्णालयांतून फेलोशिपचे अभ्यासक्रम चालतात. हे शिक्षण पदवीपुढचे असते. साडेपाच वर्षे एमबीबीएस, तीन वर्षे एमएस, पुढे आणखी तीन वर्षे हृदयशस्त्रक्रियेची एमसीएच. आणि एवढे सारे आटोपल्यावर तिशी ओलांडलेला गृहस्थ एखाद्या विशिष्ट कलेसाठी पुन्हा विद्यार्थी होऊन कोणा जाणत्या शल्यविशारदाच्या हाताखाली उभा राहतो. हृदयाच्या झडपांची दुरुस्ती ही अशीच एक कला होय.

या झडपा चार. रक्ताला पुढे जाऊ द्यावयाचे व मागे फिरू द्यावयाचे नाही, एवढेच त्यांचे काम. पण ते दिवसातून सुमारे एक लक्ष वेळा करावयाचे असते. लहानपणी घसा धरतो, सांधे दुखतात, ताप येतो व जातो. आणि पुढे काही वर्षांनी कळते की त्या तापाने डाव्या बाजूच्या झडपेच्या पाकळ्या एकमेकींस चिकटवून टाकल्या आहेत. हा संधिवाताचा ताप दाटीच्या, गरीब वस्तीत अधिक.

त्या चिकटलेल्या झडपेस माणसाचे बोट प्रथम लागले ते १९२५ साली. लंडनच्या हेन्री साउटर याने एका तरुण मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून झडप मोकळी केली. मुलगी बरी झाली. पण पुन्हा एकाही वैद्याने त्याच्याकडे असा रोगी धाडला नाही. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियास चार्ल्स बेली याने तोच मार्ग धरला. त्याचे पहिले तीन रोगी दगावले. रुग्णालयांची दारे त्याला बंद होऊ लागली, तेव्हा त्याने १० जून १९४८ या एकाच दिवशी दोन निरनिराळ्या रुग्णालयांत दोन शस्त्रक्रिया ठरविल्या. सकाळचा रोगी गेला. दुपारची तरुण स्त्री वाचली. बेलीला धीरोदात्त म्हणावे की निष्ठुर, याचा निवाडा मला अद्याप करता आलेला नाही. त्या चौघांच्या घरच्यांना कोणी विचारले असेल, असे वाटत नाही.

फेलोशिपचे खरे प्रयोजन मला येथे दिसते. नवशिक्याचा हात कोणावर तरी बसावयाचाच. तो जाणत्याच्या नजरेखाली बसावा, आणि त्याआधी खाटकाकडून आणलेल्या डुकराच्या हृदयावर पुष्कळ टाके घालून झालेले असावेत.

आता या विद्येत निराळाच प्रवाह शिरला आहे. १९८४ साली जपानच्या कांजी इनोवे याने फुग्याने झडप उघडण्याची रीत प्रसिद्ध केली; १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समध्ये आलँ क्रिबिये याने छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी नेऊन, नवी झडप बसविली. म्हाताऱ्या माणसांच्या चुना साचलेल्या झडपेवर हा उपाय वरदानासारखा आहे. परिणामी, ज्याने आयुष्यभर बोटांनी चाचपून काम केले, त्या शल्यविशारदास आता तार, नळी व पडद्यावरील छाया यांचे धडे घ्यावे लागतात. त्याने ते अवश्य घ्यावेत. परंतु नव्या कौतुकात जुनी विद्या पातळ होऊ नये, अशी धास्ती वाटते.

या धास्तीस घरचे कारण आहे. माझ्या एका मावसबहिणीची अशीच झडप विसाव्या वर्षी निकामी झाली. इतक्या लहान वयात, साधेल तर, मूळची झडप दुरुस्त करणे बरे; कारण धातूची बसविली की रक्त पातळ ठेवण्याचे औषध जन्माचे पाठीस लागते, आणि गरोदरपणी ते पोटातल्या जिवास बाधू शकते. पण तापाने जाड झालेली, आखडलेली पाकळी सोलून पुन्हा हलती करणे फार नाजूक काम. झडप बदलण्याहून ते शिकावयास कितीतरी अधिक काळ लागतो, आणि तो हात त्या वेळी आमच्या आटोक्यात नव्हता. झडप बदलली गेली. बहीण वाचली, संसारास लागली. मात्र मूल होऊ द्यावे की नाही, हा प्रश्न तिने व तिच्या यजमानांनी कित्येक वर्षे आपसातच ठेवला. अखेर त्यांनी भाचीस घरी वाढविले.

फेलोशिपची जागा मिळालेल्या एका तरुण डॉक्टरास मी हे सांगितले. त्याने विचारले, “कोणत्या साली झाली शस्त्रक्रिया?” मी साल सांगितले. बोटांवर काहीसे मोजून तो म्हणाला, “आज असती तर आमच्या सरांनी दुरुस्तीचा प्रयत्न तरी केला असता.”

बहिणीकडे मुक्कामास गेलो की रात्री सामसूम झाल्यावर तिच्या छातीतील टिकटिक शेजारच्या खोलीत ऐकू येते. भाचीला तिच्यावाचून झोप लागत नाही.