प्रश्नचिन्हांच्या ओव्या

२००७ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नेवासे तालुक्यातील आमच्या मावशीकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. घरी परतल्यावर त्या संगणकावर एका साध्या फायलीत टंकल्या. कागद रद्दीत गेले. फाईल जतन करताना पडद्यावर इंग्रजीत एक सूचना उमटली. खाली दोन बटणे होती, त्यांतले 'ओके' आधीच ठळक होते. आम्ही ते दाबले. दुसऱ्या दिवशी फाईल उघडली, तर ओव्यांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा! अक्षर, काना, मात्रा, प्रत्येकाचे एकेक प्रश्नचिन्ह झाले होते. शब्दांमधल्या मोकळ्या जागा तेवढ्या शाबूत होत्या. ओवीत शब्द किती हे मोजता येत होते, कोणते हे मात्र नाही.

ती सूचना आम्ही नंतर मुद्दाम पुन्हा उमटवून वाचली. ती खोटे बोलत नव्हती. फाईल 'अ‍ॅन्सी' पद्धतीने जतन केल्यास 'युनिकोड'मधील अक्षरे नष्ट होतील, ती राखायची तर 'कॅन्सल' दाबून दुसरी पद्धत निवडा, असे तिच्यात स्पष्ट होते. विद्यार्थ्यांना एकेका शब्दापाशी थांबायला शिकवणाऱ्या आम्ही ती दोन वाक्ये वाचली नव्हती. तो दोष आमचाच.

पण सगळाच आमचा नव्हे. जुन्या पद्धतीत एका अक्षराला एकच बाइट, म्हणजे फार तर २५६ घरे. त्या संगणकावरील तक्त्यात देवनागरीला एकही घर नव्हते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. हे ज्याला ठाऊक, त्याच्यासाठीच ती सूचना लिहिलेली होती. 'तुमचा मराठी मजकूर पुसला जाईल, तो परत मिळणार नाही,' एवढे म्हटले असते तर आमचा हात थबकला असता. शिवाय धोक्याची वाट एका बोटावर होती आणि सुरक्षित वाट दोन वळणांपलीकडे.

मग अशी जोखमीची वाट सुचवूच नये काय? आम्हांला तसे वाटत नाही. इंग्रजी मजकुरात चुकून एखादेच परके चिन्ह आले असेल, तर ते खुशाल जावे असे कुणी म्हणू शकतो. त्याला अडवणारे आपण कोण? आजचे ब्राउझर संशयास्पद स्थळापाशी परतीचे बटण ठळक दाखवतात आणि पुढे जाण्याची वाट एक पायरी आत ठेवतात. ती बंद करीत नाहीत, पण विचाराला उसंत देतात.

नेवाशाच्या माणसाला इथे एकनाथ आठवल्यावाचून राहत नाहीत. शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) नेवाशात सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचे पाठ नकलांमधून बिघडत गेले होते. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) नाथांनी ग्रंथ शुद्ध केला. ग्रंथाला हात लावणे हीच मोठी जोखीम. पण हे शोधन कुणी आणि कधी केले, याची नोंद त्यांनी ग्रंथाच्या शेवटीच ठेवली. आणि पुढच्यांना बजावले, की यात पदरची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे. काय बिघडेल हे ज्याला सांगायचे त्याच्याच भाषेत, त्याच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी सांगितलेले आहे. सूचना लिहिणाऱ्यांनी एवढे जरी घेतले तरी पुरे.

पुढच्या सुट्टीत आम्ही पुन्हा मावशीपुढे बसलो. तिने ओव्या म्हटल्या, पण बऱ्याच बदललेल्या. "तवा तशी आली, आता अशी येती," ती म्हणाली. काही तिला आठवल्याच नाहीत. त्यांतल्या दोन-तीन ओव्या आम्हांला अर्ध्यामुर्ध्या स्मरत होत्या. उरलेले चरण जुळवून घालणे कठीण नव्हते, आणि कुणाला कळलेही नसते. आम्ही ते घातले नाहीत. आमच्या वहीत त्या जागी आजही टिंबे आहेत.