कणकुंबीची अंजनी

बेळगावहून जांबोटीमार्गे गोव्याला निघालं की चोर्ला घाटाच्या अलीकडे कणकुंबी लागते. मलप्रभेचा उगम इथलाच, आणि अंजनीचं रानही इथलंच. अंजनी अंगापिंडानं ठेंगणी, पानं जाड नि तुकतुकीत. तिला सागाचा भाव नाही, फणसाचा मान नाही. कुऱ्हाड मात्र तिला ओळखून आहे: लाकूड असं कठीण की घाव घालणाऱ्याचाच हात झिणझिणावा.

वर्षभर साधी राहील आणि फाल्गुनाच्या सुमारास ठेवणीतली निळी इरकल नेसल्यासारखी फुलेल. जवळ जाऊन बघा. झुबके नुसते शेंड्याला नाहीत, जून फांद्यांच्या पेरापेरांतून फुटलेले. एकेक फूल करंगळीच्या नखाहून लहान. पाकळ्या चार, पुंकेसर आठ, सगळा निळा कारभार. मधमाश्यांची वर्दळ संपते न संपते तोच फळं काळी पडतात. मग शिपाई बुलबुल येतात, खातात आणि बिया रानभर टाकून जातात.

पण तिचा खरा स्वभाव कळतो पावसाळ्यात. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि दोन हातांवरचं दिसेनासं होतं. याच बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीकडे, जिथे तंबाखू पिकतो, एवढा पाऊस पोचतच नाही. इथे बुंध्यावर शेवाळ फुगतं. मसाल्यात घालतो तेच दगडफूल फांद्यांवर हिरवट होऊन पसरतं. बाशिंग नावाचं नेचं आपल्या वाळक्या पानांत पालापाचोळा साठवतं, आमरी म्हणजे ऑर्किड मुळं हवेत सोडून बसते. धुकं या सगळ्यांत अडकतं, थेंब होऊन गळतं. पाऊस उघडला तरी झाडाखाली टपटप चालूच. भल्या पहाटे ओढ्याकाठचा शीळकरी कस्तूर माणसासारखी शीळ घालतो आणि उजाडल्यावर खेकडा दगडावर आपटून खातो.

वनमहोत्सवात ओळीनं अकेशिया लावला की झाडांचा आकडा भरतो. पण शेवाळ, बाशिंग, आमरी हा संसार थाटायला जुनं खोड लागतं, आणि ते रोपवाटिकेत मिळत नाही. या रानाचं पाणी घेऊन मलप्रभा इथून सौंदत्तीजवळच्या धरणात जाते, तिथून हुबळी-धारवाडच्या नळांना येते. तेव्हा अंजनीचं रान राखायचं काम एकट्या कणकुंबीकरांवर टाकून चालणार नाही. जो त्या नळाचं पाणी पितो, त्याचाही त्यात वाटा आहे.