‘वाढवणे’ म्हणजे नेमकं काय वाढवणे?



आपण नारळ वाढवतो, ताट वाढतो आणि रजा वाढवून मागतो. नारळ फुटतो, ताटात जेवण येतं आणि रजा लांबते! एकाच कुळातले हे शब्द, पण मुलांचा गोंधळ होत नाही. सोबतच्या शब्दावरून त्यांना अर्थ कळतो.

इंग्रजीत मात्र आपण हे विसरतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाने सरावासाठी अर्ज लिहिला, ‘प्लीज एन्लार्ज माय लीव्ह’. घरून पाठ करून आणलेल्या यादीत पाच शब्द होते आणि सगळ्यांपुढे एकच अर्थ, वाढवणे. “बाई, पाठ तर केलं होतं,” एवढंच तो म्हणाला आणि पुढे दोन दिवस त्याने इंग्रजीत एकही वाक्य लिहिलं नाही. पाठ करूनही चुकतं असं वाटलं, की मूल लिहायचंच थांबतं. म्हणून मी आता अर्थाआधी प्रश्न विचारते: काय वाढतंय?

• संख्या, प्रमाण, वेग वाढला तर इन्क्रीज. पटसंख्या, गाडीचा वेग.
• आकार मोठा केला तर एन्लार्ज. यात ‘लार्ज’ दिसतोच. उदा. फोटो.
• ताणल्यासारखी लांबी किंवा मुदत वाढली तर एक्स्टेंड. रजा इथे बसते.
• चहूबाजूंनी पसरलं तर एक्स्पांड. तापवलेलं लोखंड प्रसरण पावतं ते हेच. धंद्याचा पसाराही असाच वाढतो.
• दर्जा, चव, शोभा वाढली तर एन्हान्स. फोडणीने आमटी भांडंभर होत नाही, चव मात्र खुलते.
• भिंगाखाली मुंगी मोठी दिसते, होत नाही. तिथे मॅग्निफाय.

काही ठिकाणी दोन शब्द चालतात. फी ‘इन्क्रीज’ही होते आणि ‘रेज’ही करतात. अशा वेळी मुलाचं उत्तर लगेच खोडू नका, “हा शब्द का घेतलास?” असं विचारा. कारण सांगता आलं, तर शब्द त्याचा झाला.

पालकांना एक विनंती. यादी पाठ करून घेण्याऐवजी प्रत्येक शब्दासोबत घरातली एक वस्तू जोडून द्या. फोटोसोबत एन्लार्ज, रजेसोबत एक्स्टेंड. दिवसाला एकच जोडी पुरे. शब्द जोडीदारासकट लक्षात राहतो आणि मूल न घाबरता वाक्य लिहायला घेतं.